‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ : एकचल समीकरणाच्या अध्यापनाची समीक्षा
(बेळगाव-निपाणी सीमाभागातील शाळांच्या संदर्भात)

१. प्रस्तावना

अंकगणिताकडून बीजगणिताकडे जाताना विद्यार्थ्याला जो पहिला उंबरठा ओलांडावा लागतो तो म्हणजे एका चलातील रेषीय समीकरण. सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर २क्ष + ३ = ११ असे लिहिले जाते आणि शिक्षक सांगतात, ‘तीन पलीकडे नेला, अधिकचा वजा झाला; दोन पलीकडे नेला, गुणिलेचा भागिले झाला.’ उत्तर येते क्ष = ४. बेळगाव शहरातील मराठी शाळा असो, निपाणीतील उर्दू शाळा असो किंवा चिक्कोडी तालुक्यातील कन्नड शाळा असो, माध्यम बदलले तरी हे वाक्य बदलत नाही. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हा नियम शालेय बीजगणिताचा जणू कलमा होऊन बसला आहे.

या नियमाने उत्तर मिळते, यात शंका नाही. प्रश्न वेगळा आहे. संख्या पलीकडे ‘जाते’ म्हणजे नेमके काय होते आणि गेल्यावर तिचे चिन्ह का बदलते, हे किती विद्यार्थ्यांना सांगता येते? ज्याला हे सांगता येत नाही, त्याला आपले उत्तर बरोबर की चूक हे ठरवण्यासाठी शिक्षकाकडे किंवा पुस्तकाच्या शेवटच्या पानाकडे पाहावे लागते. म्हणजे बीजगणिताने जे स्वातंत्र्य द्यायचे, तेच या नियमाने काढून घेतले जाते. हा नियम मूळ कोणत्या क्रियांचा संक्षेप आहे, जुन्या ग्रंथकारांनी त्या क्रिया कशा मांडल्या होत्या, पाठ्यपुस्तकाने त्यांचे काय केले आणि सीमाभागातील बहुभाषिक विद्यार्थ्यावर त्याचा काय परिणाम होतो, याचे परीक्षण येथे केले आहे.

२. नियमाचे स्वरूप आणि त्यातून उद्भवणाऱ्या चुका

वरील उदाहरणात प्रत्यक्षात घडते ते असे. २क्ष + ३ आणि ११ या दोन राशी समान आहेत. दोन्हींमधून ३ वजा केले तर उरलेल्या राशीही समानच राहतील, म्हणून २क्ष = ८. दोन्हींना २ ने भागले तरी समानता टिकेल, म्हणून क्ष = ४. कोणतीही संख्या कोठेही ‘गेलेली’ नाही. डावीकडील ३ नाहीसा झाला आणि उजवीकडे ३ वजा झाला, या दोन घटना एकाच वेळी घडल्यामुळे डोळ्यांना तीनने बाजू बदलल्यासारखे वाटते एवढेच.

जाणकाराने हा संक्षेप वापरावा, त्यात गैर काही नाही. लेखन वाचते, वेळ वाचतो. परंतु मूळ क्रिया माहीत नसताना संक्षेप हाती आला की तो जादूचा मंत्र बनतो, आणि मंत्र चुकीच्या ठिकाणीही म्हटला जातो. ३क्ष = १२ हे समीकरण दिले की काही विद्यार्थी क्ष = १२ − ३ = ९ असे लिहितात; तीनने बाजू बदलली, मग चिन्ह बदलायलाच हवे. काही जण भागाकार करतात, पण चिन्ह बदलायचे म्हणून −३ ने भागतात आणि −४ हे उत्तर काढतात. ५ − क्ष = २ मध्ये पाच पलीकडे नेऊन क्ष = −३ असे उत्तर येते, कारण क्षच्या मागचे वजा चिन्ह कोणाचे, हे नियम सांगत नाही. या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत. त्या नियमाशी प्रामाणिक राहून केलेल्या चुका आहेत, आणि म्हणूनच त्या केवळ ‘लक्ष दे’ असे म्हणून सुधारत नाहीत.

याहून खोल अडचण ‘=’ या चिन्हाच्या अर्थाची आहे. हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ साली छापील ग्रंथात प्रथम वापरले. समान लांबीच्या दोन समांतर रेषांपेक्षा अधिक समान असे काय असू शकेल, हा त्यामागील विचार. पण प्राथमिक शाळेत सहा-सात वर्षे ४ + ५ = असे लिहून पुढे उत्तर भरण्याची सवय झालेल्या मुलाला ते चिन्ह समानतेचे न वाटता ‘आता उत्तर लिही’ अशा आज्ञेचे वाटते. कॅरोलिन कीरन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ही गोष्ट स्पष्टपणे मांडली. १९९९ साली अमेरिकेतील फॉकनर, लेव्ही आणि कार्पेंटर या अभ्यासकांनी एक साधा प्रश्न पुढे आणला : ८ + ४ = चौकट + ५, तर चौकटीत कोणती संख्या? सहावीतील १४५ मुलांपैकी प्रत्येकाने १२ किंवा १७ असे उत्तर दिले. बरोबर उत्तर, म्हणजे ७, एकानेही दिले नाही. आपल्याकडील वह्यांमध्ये ११ − ३ = ८ ÷ २ = ४ अशी सलग ओळ दिसते, तिचे मूळही हेच आहे. ११ − ३ आणि ४ समान नाहीत, हे त्या विद्यार्थ्याला खटकत नाही; कारण त्याच्या लेखी ‘=’ म्हणजे ‘पुढे चला’.

समानतेचा अर्थ न समजलेल्या विद्यार्थ्यापुढे २क्ष + ३ = २क्ष + ५ हे समीकरण आले तर तो नियम लावत जातो आणि ० = २ असे काहीतरी लिहून गोंधळून थांबतो. अर्थ समजलेला विद्यार्थी मात्र पाहताक्षणी सांगतो की, एकाच राशीत तीन आणि पाच मिळवून आलेल्या बेरजा समान असणे शक्य नाही, म्हणून या समीकरणाला उकल नाही. दोघांमधील हा फरक हुशारीपेक्षा शिकवण्यातून पडलेला आहे.

३. अल्-ख्वारिझ्मी : जब्र आणि मुकाबला

या विषयाला ज्या ग्रंथाने नाव दिले तो ग्रंथ या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखा आहे. मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिझ्मी याने बगदादमध्ये, खलिफा अल्-मामून याच्या कारकिर्दीत (इ. स. ८१३ ते ८३३), ‘अल्-जब्र वल्-मुकाबला’ या क्रियांवरील हिसाबाचा संक्षिप्त ग्रंथ लिहिला. बाराव्या शतकात, ११४५ साली, रॉबर्ट ऑफ चेस्टर याने त्याचे लॅटिन भाषांतर केले. १८३१ साली फ्रेडरिक रोझेन याने अरबी मूळ इंग्रजी भाषांतरासह लंडनला प्रसिद्ध केले. ‘अल्जिब्रा’ हा शब्द त्याच्या ग्रंथनामातून आणि ‘अल्गोरिदम’ हा शब्द त्याच्या स्वतःच्या नावातून आला, हे सर्वश्रुत आहे. मुस्लिम शिक्षणसंस्थांच्या व्यासपीठांवर ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. परंतु त्या नावातील दोन शब्दांचा अर्थ मात्र त्याच संस्थांच्या वर्गांतही क्वचितच शिकवला जातो. अभिमान नावापुरता आणि अध्यापन ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ या नियमाचे, ही विसंगती नोंदवली पाहिजे.

‘जब्र’ म्हणजे मोडलेले सांधणे, उणे पडलेले भरून काढणे. अरबीत हा शब्द हाड बसवण्यासाठीही वापरला जातो. स्पॅनिश भाषेत ‘अल्हेब्रिस्ता’ हा शब्द पूर्वी हाडवैद्यासाठी रूढ होता. समीकरणाच्या एका बाजूस एखादी राशी वजा असेल, तर ती बाजू तेवढ्याने अपुरी आहे. ती राशी दोन्ही बाजूंना मिळवून तो अपुरेपणा भरून काढणे म्हणजे जब्र. ‘मुकाबला’ म्हणजे समोरासमोर ठेवणे. दोन्ही बाजूंना एकाच जातीच्या राशी असतील, तर त्या समोरासमोर ठेवून जेवढे समान आहे तेवढे दोन्हींकडून काढून टाकणे म्हणजे मुकाबला. एकाच घोषवाक्यात आज जे कोंबले जाते, त्याच्या या दोन स्वतंत्र, सकारण क्रिया होत्या. आणि दोन्हींची व्याख्याच ‘दोन्ही बाजूंना’ या शब्दांवर उभी होती.

अल्-ख्वारिझ्मीच्या ग्रंथात एकही चिन्ह नाही. अज्ञात राशीला तो ‘शय’, म्हणजे ‘वस्तू’, म्हणतो आणि सारे गणित शब्दांत मांडतो. ग्रंथाचा मोठा भाग वसीयत आणि वारसा यांच्या वाटणीला दिलेला आहे, आणि तेथील बहुतेक उदाहरणे साध्या रेषीय समीकरणांचीच आहेत. त्या भागातील पहिल्या उदाहरणाचा आशय असा. एक मनुष्य दोन मुलगे मागे ठेवून मरण पावतो. त्याच्या मागे १० दिरहम रोख आहेत आणि १० दिरहम एका मुलाकडून येणे आहेत. मिळकतीचा तिसरा हिस्सा एका परक्या माणसाला द्यावा अशी त्याची वसीयत आहे. ऋणको मुलाकडून रोख वसुली होत नाही. त्याच्या वाट्याला जेवढे येईल तेवढे कर्जातून वळते करायचे. पण त्याच्या वाट्याला किती येईल, हेच तर काढायचे आहे.

त्या वाट्याला ‘शय’ म्हटले की गाठ सुटते. वाटायची मिळकत झाली १० आणि शय. तिचा तिसरा हिस्सा परक्याला गेला. उरलेले दोन हिस्से दोन मुलांना, म्हणजे प्रत्येकास मिळकतीचा तिसरा हिस्सा. ऋणको मुलाचा हिस्सा म्हणजेच शय. तेव्हा शयची तिप्पट ही १० आणि शय यांच्याबरोबर. दोन्हींकडून एक शय काढला की दोन शय म्हणजे १०, आणि शय म्हणजे ५. पडताळा : मिळकत १५, परक्याला ५, एका मुलाला ५ रोख, दुसऱ्याच्या कर्जातून ५ वळते. येथे दोन्हींकडून शय काढण्याची क्रिया हाच मुकाबला. समीकरण हे येथे एका कुटुंबातील वाटणी न्यायाने व्हावी यासाठी मांडलेले विधान आहे. विद्यार्थ्याला बीजगणित ‘कशासाठी’ हा प्रश्न पडतो, त्याचे उत्तर या विषयाच्या नामकरण-ग्रंथातच दिलेले आहे.

४. भास्कराचार्य : समशोधन

भारतीय परंपरेतही हीच दृष्टी आढळते. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त एका अज्ञाताच्या समीकरणाचा नियम दिला. भास्कराचार्यांनी (जन्म १११४) ‘बीजगणित’ या ग्रंथात ‘एकवर्ण समीकरण’ या नावाने त्याचा विस्तार केला. अज्ञात राशीला ते ‘यावत्तावत्’ म्हणतात आणि तिच्यासाठी ‘या’ हे अक्षर लिहितात. ज्ञात संख्येसाठी ‘रूप’ शब्दाचे ‘रू’ हे अक्षर. दोन्ही पक्ष एकाखाली एक मांडायचे; ऋण राशीवर टिंब द्यायचे.

त्यांच्या प्रसिद्ध उदाहरणाचा आशय असा. एकाजवळ ३०० रूपे रोख आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे १० घोडे आहेत, पण १०० रूपे कर्ज आहे. दोघांची संपत्ती समान आहे, तर घोड्याची किंमत काय? आजच्या लेखनात ६क्ष + ३०० = १०क्ष − १००. भास्कराचार्यांची रीत अशी : एका पक्षातील अव्यक्त दुसऱ्या पक्षातील अव्यक्तातून वजा करावे, दुसऱ्यातील रूपे पहिल्यातील रूपांतून वजा करावीत, आणि उरलेल्या रूपांना उरलेल्या अव्यक्ताने भागावे. ऋण १०० वजा करणे म्हणजे १०० मिळवणे, म्हणून रूपे ४००, अव्यक्त ४, किंमत १००. या क्रियेला त्यांनी ‘समशोधन’ असे नाव दिले आहे, आणि त्या नावातच ‘सम’ हा शब्द आहे.

हेच उदाहरण अल्-ख्वारिझ्मीच्या रीतीने सोडवले तर दोन्ही परंपरांतील साम्य व भेद स्पष्ट होतो. प्रथम जब्र : उजव्या बाजूचा १०० चा उणेपणा भरून काढण्यासाठी दोन्हींना १०० मिळवले, ६क्ष + ४०० = १०क्ष. नंतर मुकाबला : दोन्हींकडून ६क्ष काढले, ४०० = ४क्ष. उत्तर तेच, १००. भेद एवढाच की, अल्-ख्वारिझ्मीला ऋण राशी स्वतंत्रपणे उभी करायची नाही, म्हणून तो ती आधी भरून काढतो. भास्कराचार्यांना ऋण राशी म्हणजे कर्ज म्हणून मान्य आहे, म्हणून ते थेट वजाबाकी करतात. ‘संख्या पलीकडे जाते’ असे मात्र दोघांपैकी कोणीही म्हणत नाही.

समान राशींत समान मिळवले वा वजा केले तरी समानता कायम राहते, हे कारणही परंपरेत नोंदलेले आहे. मूळच्या विदर्भातील घराण्यातला आणि जहांगीर बादशहाचा आश्रय लाभलेला टीकाकार कृष्ण दैवज्ञ याने ‘बीजगणिता’वरील आपल्या टीकेत नियमांबरोबर त्यांची उपपत्तीही दिली. पुढे शहाजहानच्या काळात, १६३४-३५ मध्ये, अताउल्लाह रशीदी याने या ग्रंथाचे फारसी भाषांतर केले. ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा हा मुलगा. औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) बीबी का मकबऱ्याचा रचनाकार म्हणूनही तो ओळखला जातो. त्यापूर्वी १५८७ साली अकबराच्या दरबारातील फैझीने ‘लीलावती’ फारसीत आणली होती. १८१३ मध्ये एडवर्ड स्ट्रेची याने ‘बीजगणिता’चे जे इंग्रजी रूप प्रसिद्ध केले तेही फारसीवरून केलेले होते. समीकरणाची ही विद्या संस्कृत, अरबी, फारसी अशा भाषांतून प्रवास करू शकली, कारण ती शब्दांवर नव्हे तर क्रियेच्या अर्थावर उभी होती.

सीमाभागापुरते बोलायचे तर येथेही गणितलेखनाची परंपरा होती. बाराव्या शतकात, भास्कराचार्यांच्याच काळाच्या आसपास, राजादित्य या जैन पंडिताने कन्नडमध्ये ‘व्यवहारगणित’ हा ग्रंथ रचला. कन्नडमधील गणितावरील सर्वांत जुन्या ग्रंथांत त्याची गणना होते. त्याचे मूळ गाव बेळगाव जिल्ह्यातील रायबाग होय, असे काही अभ्यासक मानतात. लोकांच्या भाषेत लोकांच्या व्यवहाराचे गणित सांगण्याचा तो प्रयत्न आजच्या चर्चेतही प्रस्तुत आहे.

५. पाठ्यपुस्तकाचे परीक्षण

या पार्श्वभूमीवर शालेय पाठ्यपुस्तकाकडे वळता येईल. कर्नाटक राज्याने २०१० नंतरच्या दशकात गणितासाठी एनसीईआरटीची पुस्तके टप्प्याटप्प्याने स्वीकारली आणि ती मराठी व उर्दूसह विविध माध्यमांत आली. एनसीईआरटीने २००७ मध्ये काढलेल्या सातवीच्या पुस्तकातील साध्या समीकरणांचे प्रकरण, त्यानंतर आठवीतील एका चलातील रेषीय समीकरणांचे प्रकरण, ही त्यामुळे सीमाभागातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली.

सातवीच्या त्या प्रकरणाचे गुण प्रथम मान्य केले पाहिजेत. त्याची सुरुवात मनातली संख्या ओळखण्याच्या खेळाने होते. अमीना नावाची मुलगी मनात एक संख्या धरते, तिला चाराने गुणून पाच मिळवते आणि उत्तर ६५ आल्याचे सांगते. मूळ संख्या १५, हे मैत्रीण ओळखते. अज्ञात राशीची कल्पना यापेक्षा सोपी करून सांगणे कठीण आहे. पुढे समीकरणाला तराजूची उपमा दिलेली आहे : दोन्ही पारड्यांत समान वजन टाकले वा काढले तर काटा मध्यावरच राहतो. उत्तरावरून उलट समीकरण तयार करण्याचा अभ्यासही त्यात आहे. ही मांडणी जब्र-मुकाबला आणि समशोधन यांच्या अगदी जवळची आहे.

दोष पुढच्या टप्प्यावर सुरू होतो. दोन्ही बाजूंवर क्रिया करण्याची रीत जेमतेम रुजते न रुजते तोच बाजू बदलण्याची रीत दिली जाते. ती मूळ रीतीचेच दुसरे रूप आहे, असे पुस्तक सांगते, हे खरे. पण परीक्षेच्या घाईत, मार्गदर्शक पुस्तिकांत आणि शिकवण्यांत नेमके हे स्पष्टीकरण गळते आणि घोषवाक्य तेवढे उरते. आठवीत तर ती रीत गृहीतच धरली जाते. म्हणजे विद्यार्थ्याच्या वाट्याला अर्थ काही तासांपुरता येतो आणि संक्षेप आयुष्यभर.

दुसरा दोष तराजूच्या उपमेच्या मर्यादेचा. २क्ष + ३ = ११ तराजूत मांडता येते; पण ६क्ष + ३०० = १०क्ष − १०० मधील वजा शंभर कोणत्या पारड्यात ठेवायचे? वजनाला उणे रूप नसते. येथे उपमा बदलायला हवी, आणि बदली उपमा भास्कराचार्यांनी देऊन ठेवलेलीच आहे : धन आणि ऋण, आजच्या भाषेत जमा आणि नावे. निपाणीसारख्या तंबाखूच्या पेठेत वाढणाऱ्या मुलाला तराजू आणि खतावणी या दोन्ही वस्तू अपरिचित नाहीत. अधिक राशींसाठी तराजू आणि वजा राशींसाठी खाते, असा क्रम ठेवला तर चिन्हांचा गोंधळ बराच कमी होईल. पुस्तक मात्र तराजू सोडून थेट नियमाकडे जाते.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे. २०२२ साली एनसीईआरटीने अभ्यासक्रमाचा भार कमी केला, तेव्हा आठवीच्या या प्रकरणातील व्यवहारी उदाहरणांचे विभाग गाळले गेले आणि समीकरण सोडवण्याचे तंत्र तेवढे राहिले. वेळेअभावी काहीतरी वगळणे भाग असेल. पण वगळले गेले ते समीकरण ‘मांडणे’, आणि राहिले ते समीकरण ‘सोडवणे’. सोडवण्याचे काम आज यंत्रही करते. माणसाच्या व्यवहारातून समानता शोधून ती मांडणे, हेच अल्-ख्वारिझ्मीच्या आणि भास्कराचार्यांच्या उदाहरणांचे मर्म होते.

६. सीमाभागातील भाषांचा प्रश्न

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून येथील विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा मार्ग अनेक भाषांतून जातो. प्राथमिक शिक्षण मराठीत वा उर्दूत, राज्यभाषा कन्नड, दहावीनंतर विज्ञान शाखा इंग्रजीत, असा क्रम सामान्य आहे. निपाणीला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ असल्याने काही जण पुढील शिक्षणासाठी तिकडे जातात आणि तेथील पुस्तकांशी जुळवून घेतात. महाराष्ट्रात नववी-दहावीला बीजगणित आणि भूमिती या स्वतंत्र भागांत गणित शिकवले जाते. अशा विद्यार्थ्याला त्याच समीकरणासाठी शब्दांचे निरनिराळे संच आत्मसात करावे लागतात. मराठीत ‘चल’, कन्नडमध्ये ‘चराक्षर’, उर्दूत ‘मुतगय्यर’, इंग्रजीत ‘व्हेरिएबल’. मराठीत ‘रेषीय’, कन्नडमध्ये ‘रेखात्मक’, उर्दूत ‘खत्ती’.

ज्याने बीजगणित घोषवाक्य म्हणून पाठ केले आहे, त्याचे पाठांतर माध्यम बदलताच निकामी होते. नव्या भाषेत त्याला ते पुन्हा पाठ करावे लागते. ज्याला दोन पारडी आणि त्यांची समानता समजली आहे, त्याला फक्त नावे बदलावी लागतात. या दृष्टीने भाषांकडे ओझे म्हणून न पाहता साधन म्हणूनही पाहता येईल. मराठी आणि कन्नड या दोन्हींत ‘समीकरण’ हाच शब्द आहे आणि त्याचा अर्थ ‘समान करणे’ असा आहे. उर्दूत समीकरणाला ‘मुसावात’ म्हणतात, आणि हाच शब्द समाजातील समतेसाठीही वापरला जातो. वर्गात या तीन शब्दांवर पाच मिनिटे खर्च केली तर ‘=’ हे उत्तराचे नव्हे, समानतेचे चिन्ह आहे, ही गोष्ट मुलांच्या स्वतःच्या भाषांतूनच त्यांच्यापर्यंत पोहोचेल. तीन भाषांच्या सीमेवरील शिक्षकाला उपलब्ध असलेली ही सोय एकभाषिक प्रदेशातील शिक्षकाला नाही.

७. पडताळ्याचे महत्त्व

समीकरणाच्या अध्यापनात सर्वांत उपेक्षित राहिलेली पायरी म्हणजे पडताळा. काढलेली किंमत मूळ समीकरणात घालून दोन्ही बाजू समान येतात का, हे पाहणे. पुस्तक ते करायला सांगते. वर्गात मात्र वेळ उरला तर करायची शेवटची ओळ असे त्याचे स्थान असते. वास्तविक याच पायरीने विद्यार्थी स्वावलंबी होतो. ३क्ष = १२ चे उत्तर ९ काढणाऱ्याने तीन गुणिले नऊ एवढे एकदा करून पाहिले, तर त्याची चूक त्याला कोणी सांगावी लागणार नाही.

हा प्रश्न गुणांपुरता नाही, हे दोन उदाहरणांवरून दिसेल. निपाणीत विडी वळणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी राहिली आहे आणि विडीची मजुरी हजारावर मोजली जाते. समजा, एका स्त्रीने सहा दिवस रोज सारख्या विड्या वळल्या, त्यांतील ४०० नापास म्हणून बाजूला काढल्या गेल्या आणि ५००० ची मजुरी मिळाली. रोजच्या विड्या क्ष धरल्या तर ६क्ष − ४०० = ५०००. दोन्हींना ४०० मिळवले, ६क्ष = ५४००, क्ष = ९००. आपण रोज ९०० पेक्षा अधिक वळल्या होत्या हे जिला ठाऊक आहे, तिला हिशेबात कोठे तरी तूट आहे हे या ओळीवरून कळते. तिच्या आठवीतल्या मुलीला हे समीकरण मांडता येणे, ही त्या घरातली साधी पण खरी ताकद आहे.

दुसरे उदाहरण वारशाचे. समजा, कर्ज आणि वसीयत वजा जाता आठ लाख रुपये उरले आहेत. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली आहेत. शरियतच्या नियमाप्रमाणे पत्नीस आठवा हिस्सा, म्हणजे एक लाख. उरलेले मुलग्यास मुलीच्या दुप्पट या प्रमाणात. एका मुलीचा हिस्सा क्ष धरला तर दोन मुलग्यांचे ४क्ष, तीन मुलींचे ३क्ष, म्हणून ७क्ष + १,००,००० = ८,००,०००. दोन्हींकडून एक लाख काढला, सातने भागले, क्ष = १,००,०००. पडताळा : पत्नी एक लाख, मुलगे दोन-दोन लाख, मुली एक-एक लाख, बेरीज आठ लाख. वाटणीच्या वेळी बहिणीला तिचा हिस्सा सांगणारे कोणी असतेच असे नाही, आणि सांगितलेला आकडा खरा असतोच असेही नाही. जिला पडताळा करता येतो तिला तो आकडा कोणाच्या तोंडाकडे पाहून मान्य करावा लागत नाही. अल्-ख्वारिझ्मीने बाराशे वर्षांपूर्वी आपला ग्रंथ ज्या गरजेतून लिहिला, ती गरज आजही संपलेली नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हा नियम चुकीचा नाही. तो शेवटी यायचा, आणि आधी आणला जातो, हा दोष आहे. अरबी आणि संस्कृत या दोन्ही परंपरांतील ग्रंथकारांनी समीकरण सोडवण्याच्या क्रिया दोन्ही पक्षांच्या समानतेवर उभ्या केल्या होत्या आणि त्या व्यवहारातील उदाहरणांतून शिकवल्या होत्या. पाठ्यपुस्तकाने तराजूच्या रूपाने ती दृष्टी घेतली, परंतु ती शेवटपर्यंत नेली नाही, आणि उदाहरणांची काटछाट करून ती अधिक दुबळी केली.

यावर उपाय खर्चिक नाही. सातवीत व आठवीच्या पहिल्या सत्रात प्रत्येक पायरीपुढे ‘दोन्ही बाजूंना काय केले’ हे एका ओळीत लिहायला लावणे; वजा राशी आल्या की तराजूऐवजी जमा-नाव्याचे खाते वापरणे; समीकरण, मुसावात आणि ‘=’ यांचा अर्थ मुलांच्या भाषांतून उलगडणे; आणि पडताळा नसलेले उत्तर अपुरे मानणे, एवढ्यानेही पुष्कळ साधेल. बाजू बदलण्याचा संक्षेप विद्यार्थ्याने त्यानंतर स्वतःच शोधून काढावा. तो त्याला सापडतोच, आणि स्वतः शोधलेला नियम तो चुकीच्या ठिकाणी लावत नाही.

ज्या शिक्षणसंस्था अल्-ख्वारिझ्मीचे नाव अभिमानाने घेतात, त्यांच्यावर या बाबतीत अधिक जबाबदारी येते. त्याचे स्मरण भिंतीवरील तक्त्यापेक्षा वहीतील त्या एका ओळीत अधिक खरे होईल, जेथे विद्यार्थिनी उत्तर लिहून थांबत नाही, तर ते मूळ समीकरणात घालून पाहते आणि दोन्ही बाजू समान आल्यावरच वही मिटते.